पहिल्यांदा मिशन ट्रिपला निघताय? फजिती कुठे होते ते आधी वाचा

येशूचा संदेश सांगत गावोगाव फिरणारे पौल आणि बर्णबा लुस्त्रा या गावी होते तेव्हाची गोष्ट. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पौलाच्या शब्दाने उठून चालायला लागला आणि लोक लुकवनी भाषेत ओरडू लागले की देवच माणसांचं रूप घेऊन खाली आलेत. बर्णबाला त्यांनी झ्यूस, म्हणजे ग्रीक देवांचा राजा, ठरवलं. बोलण्याचं काम पौल करत होता, म्हणून तो देवांचा निरोप्या हर्मीस. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी आला, तेव्हा कुठे या दोघांना काय चाललंय ते कळलं आणि अंगावरचे कपडे फाडत ते गर्दीत धावले. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १४. परदेशात सेवेला गेलेल्या टीमची भाषेमुळे उडालेली तारांबळ इतकी जुनी आहे.

मिशन ट्रिप म्हणजे मंडळीतर्फे (चर्चतर्फे) टीमने परदेशी सेवेला जाणं. मी स्वतः अशा टीमबरोबर गेले आहे आणि आता नव्याने जाणाऱ्यांची तयारी करून घेते. परतल्यावर मंडळीपुढे साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, सगळे आधी फजितीचेच किस्से सांगतात, मंडळी पोट धरून हसते, आणि हसावंच. पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या फजितीची किंमत बहुतेक वेळा आपण भरत नाही, आपले यजमान भरतात. विमान चुकलं की कोणीतरी रात्रभर विमानतळावर आपली वाट बघत बसलेलं असतं. आपलं पोट बिघडलं की घरातली बाई आपलं काम सोडून आपल्या उशाशी बसते. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना प्रत्येक ठिकाणी विचारा: हा घोळ झाला तर त्रास कोणाला होईल?

पायरी १: कागदपत्रं, नाव आणि गावाचं नाव

पासपोर्ट काढून आजच तारीख बघा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने तो वैध असावा अशी अट अनेक देश घालतात, आणि विमान कंपनी चेक-इनलाच अडवते. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. मंडळीत सगळे ज्या लाडक्या नावाने हाक मारतात ते तिकिटावर चालत नाही. ‘पास्टर’ किंवा ‘रेव्हरंड’ ही पदवी नावाच्या रकान्यात टाकली, तर पाळकसाहेबांचं पहिलं नाव ‘पास्टर’ होऊन बसतं आणि काउंटरवरची मुलगी त्या नावाचा पासपोर्ट मागते. एकाच व्यक्तीने सगळ्यांची तिकिटं काढायची असतील तर तिला पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. फोनवर स्पेलिंग सांगू नका.

तिकिटावर गावाचं नाव वाचून थांबू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड यजमानांना पाठवून त्यांच्याकडून होकार घ्या. सॅन होझे कोस्टा रिकातही आहे आणि कॅलिफोर्नियातही. सँटियागो चिलीत आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे आणि स्पेनमध्येही आहे. ढाका आणि डकार फोनवर सारखेच ऐकू येतात, पण एक बांगलादेशात आहे आणि दुसरं सेनेगलमध्ये, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. काँगो नावाचे दोन देश आहेत आणि त्यांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. व्हिसा एकाचा घेऊन दुसऱ्या काठावर उतरलात तर नदी पार करणं वाटतं तितकं सोपं नाही.

रात्री १२ नंतरच्या विमानाचा घोळ तर दरवर्षी होतो. १५ तारखेला पहाटे १२ वाजून ४० मिनिटांचं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर राहायचं. टीमच्या ग्रुपवर संदेश टाकताना ‘१५ चं विमान’ असं कधीच लिहू नका. ‘१४ तारखेला, रात्री ९ वाजता, विमानतळाच्या दाराशी’ असं लिहा.

लसीचं प्रमाणपत्र लागत असेल तर तेही वेळेवर. पीतज्वराची लस घेतल्यावर प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतलेली ही लस २०१६ पासून आयुष्यभरासाठी मान्य आहे, तेव्हा लसीच्या नोंदीचं जुनं पिवळं पुस्तक फेकू नका.

आता व्हिसा. पर्यटक व्हिसावर मंडळीला भेट देणं आणि उघडपणे उपदेश करणं यांत अनेक देश फरक करतात, काही ठिकाणी धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असतो. नेपाळमध्ये धर्मांतर घडवून आणायला २०१५ च्या संविधानातच मनाई आहे आणि फौजदारी कायद्याने त्याला शिक्षाही आहे. तिथे ‘गंमत झाली’ म्हणून सुटता येत नाही, आणि आपण परत गेल्यावर प्रश्नांना तोंड द्यायला स्थानिक पाळक मागे उरतात. परवान्याची अडचण नवीन नाही. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला निघाले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून त्यांना पहिल्या जहाजावरून उतरावं लागलं आणि मग एका डॅनिश जहाजाने ते पोहोचले.

इमिग्रेशनच्या खिडकीपुढे काय बोलायचं ते सगळ्यांनी घरीच म्हणून बघा. आमच्या टीममध्ये एकोणीस वर्षांचा एक उत्साही मुलगा होता. अधिकाऱ्याने विचारलं, ‘‘कशासाठी आलात?’’

‘‘मिशनवर.’’

‘‘कोणाच्या?’’

‘‘देवाच्या.’’

उत्तर शंभर टक्के खरं होतं, पण त्याला बाजूच्या खोलीत नेलं आणि पाऊण तास बाकीचे आम्ही बॅगांच्या पट्ट्याजवळ प्रार्थना करत उभे. ‘मिशन’ या शब्दाचा अर्थ विमानतळावर लष्करी मोहीम किंवा सरकारी कामगिरी असा घेतला जाऊ शकतो. खरं सांगा, पण साधं सांगा: अमुक मंडळीने बोलावलंय, इतके दिवस राहणार, मुलांचं शिबिर घेणार, पत्ता हा. निमंत्रणपत्राची प्रत प्रत्येकाच्या हातात हवी, फक्त लीडरच्या नको.

पायरी २: माणसं मोजायला शिका

योसेफ आणि मरिया सणाहून परतताना, बारा वर्षांचा येशू सोबतच्या लोकांत असेल असं समजून दिवसभराची वाट चालून गेले आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. ‘असेल बरोबर’ हे समजणंच घात करतं. ‘‘सगळे आहेत ना?’’ या प्रश्नाला जे हजर असतात तेच ‘हो’ म्हणतात.

नुसती डोकी मोजूनही भागत नाही. एका ट्रान्झिट विमानतळावर आमच्या लीडरने चौदा डोकी मोजली, हिशोब जुळला, आम्ही गेटकडे निघालो. चौदावा माणूस आमच्यासारखाच निळा टी-शर्ट घातलेला कोणी भलताच प्रवासी होता आणि बिचारा आमच्यामागून दहा पावलं चाललाही. आमच्या खऱ्या चौदाव्या ताई प्रार्थनेच्या खोलीत बसल्या बसल्या झोपी गेल्या होत्या. त्या सापडल्या तेव्हा गेट बंद व्हायला अकरा मिनिटं उरली होती.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला कायमचा क्रमांक देतो आणि प्रत्येक थांब्यावर मोठ्याने क्रमांक म्हणवून घेतो. शिवाय जोड्या ठरवायच्या, आणि एकाने दुसऱ्याला न सांगता शौचालयातही जायचं नाही. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. लीडरने सगळे पासपोर्ट एका पिशवीत ठेवले आणि टर्मिनलमधल्या गाडीचं दार त्याच्यापाठी बंद झालं, तर मागे राहिलेल्यांची अवस्था काय होईल याचा विचार करा. मागे राहिलात तर जिथे आहात तिथेच थांबा, शोधायला येणारे दोघं तुमच्याकडे येतील. यजमानांचा पत्ता आणि फोन स्थानिक लिपीत छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात असू द्या. टॅक्सीवाल्याला तुमची लिपी वाचता येतेच असं नाही, आणि फोनची बॅटरी नको तेव्हा संपते.

पायरी ३: बॅगा

मिशन ट्रिपच्या बॅगा बाकीच्या प्रवाशांसारख्या नसतात, हे एक्स-रे यंत्रावर बसलेल्या माणसाला लगेच कळतं. हातातल्या बॅगेत बाहुलीनाट्याच्या सात बाहुल्यांची मुंडकी, मेंढपाळाच्या काठीचे तुकडे, फुगे आणि अभिषेकाच्या तेलाची बाटली! तपासणीवाल्याने एकेक मुंडकं बाहेर काढून टेबलावर मांडलं, रांगेतल्या लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेल मात्र गेलं. बहुतेक विमानतळांवर केबिनमध्ये द्रव पदार्थाची बाटली १०० मिलीपर्यंतचीच, तीही पारदर्शक पिशवीत. तेल, डिंक, रंग, कात्र्या हे सगळं चेक-इन बॅगेत टाका.

पॉवर बँकचं नेमकं उलट आहे, ती हातातल्याच बॅगेत ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तास भरते, म्हणजे अडचण नसते. पण चेक-इन बॅगेत ती सापडली तर बॅग उघडली जाते आणि मागे राहू शकते.

नाटकाचे सगळे पोशाख एका बॅगेत भरणं ही नवख्या टीमची ठरलेली चूक. ती एकच बॅग येत नाही. सामान सगळ्यांच्या बॅगांत वाटून टाका, प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा, आणि बॅगेला असा रंगीत पट्टा बांधा की दुरून ओळखू येईल. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची, ते हातात पडल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. पावत्या जपून ठेवा. आणि पत्ता यजमानांच्या घराचा देण्याआधी त्यांना विचारा, कारण बॅग मध्यरात्री येते आणि दार त्यांना उघडावं लागतं.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट न्या. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांवरही बंदी असू शकते: स्यूडोएफेड्रिन या घटकाचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये तसंच राहिलं आणि न्यूझीलंडमध्ये जाहीर केलं नाही, तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड बसतो. मातीने भरलेले बूटसुद्धा तिथे जाहीर करावे लागतात. शंका आली की फॉर्मवर ‘हो’ लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

पायरी ४: घड्याळ

आमची टीम इथिओपियात होती. शहराबाहेरच्या एका छोट्या मंडळीचा निरोप आला: शनिवारी दोन वाजता या, मुलं गाणी म्हणून दाखवतील. आम्ही सकाळी कपडे धुतले, नाटकाचा सराव केला, निवांत जेवलो आणि पावणेदोनला तिथे पोहोचलो. वेळेआधी आलो याचं समाधान होतं.

अंगणात पन्नासेक माणसं बसली होती. पांढऱ्या कपड्यांतल्या लहान मुली भिंतीला टेकून पेंगत होत्या, एकीच्या केसांतली फुलं कोमेजून कानावर आली होती. वाद्यं गवसणीत गेली होती. आम्हाला बघून सगळे उठले, मुली धावत रांगेत उभ्या राहिल्या, आणि गाणी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग एका ताईंनी आमच्यासमोर हिरव्या बिया भाजून कॉफी केली. तिथे कॉफी तीनदा देतात: पहिलीचं नाव ‘अबोल’, दुसरीचं ‘तोना’, तिसरीचं ‘बरका’, म्हणजे आशीर्वादाची. तिसरा कप हातात आल्यावर आमच्या दुभाष्याने हळूच सांगितलं की ही मंडळी सकाळी आठ वाजल्यापासून बसली आहे.

इथिओपियात दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळी सातला एक वाजतो, आठला दोन. निरोप अगदी बरोबर होता, आम्ही जवळजवळ सहा तास उशिरा आलो होतो, आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. माझ्या घशाखाली कॉफी उतरेना. आमचे चेहरे बघून तिथले पाळक आधी हसले, इतके की त्यांच्या कपातली कॉफी सांडली, मग अख्खं अंगण हसलं, आणि मग आम्ही हसलो. मुलींनी सगळी गाणी पुन्हा म्हटली. या वेळी आम्ही उभं राहून ऐकली.

म्हणून तिथे वेळ ठरवताना नेहमी विचारा: तुमच्या घड्याळाने की आमच्या? सकाळी की दुपारी? स्वाहिली बोलणाऱ्या केनिया-टांझानियातही हीच पद्धत आहे, ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः पहिला तास, पण सकाळचे सात. इथिओपियाचं कॅलेंडरही वेगळं आहे. वर्षाला तेरा महिने, साल आपल्या वापरातल्या सनाच्या सात-आठ वर्षं मागे, आणि नाताळ साधारणपणे ७ जानेवारीला. डिसेंबरच्या २५ तारखेचा मोठा कार्यक्रम आखून गेलात तर त्या दिवशी लोक आपापल्या कामावर असतील.

पॅसिफिककडे जाणाऱ्यांनी वाररेषेचा हिशोब यजमानांकडूनच तपासून घ्यावा. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला आणि रेषेच्या या बाजूला आला.

पायरी ५: भाषा आणि दुभाषा

स्थानिक भाषेत चार वाक्यं शिकून जा. ती चुकली तरी लोकांना आनंदच होतो. फक्त एक खबरदारी घ्या: जे वाक्य व्यासपीठावरून बोलणार आहात ते आदल्या दिवशी त्या भाषेच्या माणसाला तोंडाने म्हणून दाखवा. कागदावर बरोबर असलेलं वाक्य तोंडात चुकतं.

मध्य अमेरिकेत आमच्या टीममधल्या एका मुलीने दुभाष्याशिवाय साक्ष द्यायचं ठरवलं. तीन आठवडे स्पॅनिश घोकली होती. स्पॅनिशमध्ये ‘पेकादो’ म्हणजे पाप आणि ‘पेस्कादो’ म्हणजे मासळी. भरल्या डोळ्यांनी तिने सांगितलं की माझ्याजवळ पुष्कळ मासळी होती, मी ती लपवून ठेवली होती, पण येशूने माझी सगळी मासळी धुऊन टाकली. पुढच्या बाकावरच्या आजींनी पदराआड केल्यासारखं रुमालात तोंड लपवलं. हसू खूप होतं, पण कोणी आवाज केला नाही. पाळकांच्या पत्नी उठल्या, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून कानात योग्य शब्द सांगितला, आणि मुलीने तेच वाक्य पुन्हा, बरोबर म्हटलं. त्या दिवशी सर्वांत मोठा ‘आमेन’ तिलाच मिळाला. त्याच सफरीत एका दादांना ‘मला संकोच वाटतोय’ म्हणायचं होतं. त्यांनी इंग्रजीवरून अंदाजाने ‘एंबाराझादा’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ गरोदर.

थाई भाषेत सुरावर अर्थ बदलतो. ‘क्लाइ’ हाच उच्चार एका सुरात ‘जवळ’ आणि दुसऱ्या सुरात ‘दूर’. ‘देव तुमच्या जवळ आहे’ हे सांगायला गेलेल्या माणसाने ‘देव तुमच्यापासून दूर आहे’ असं सांगणं किती सोपं आहे बघा. पोर्तुगीजमध्ये ‘पाउं’ म्हणजे भाकर, शेवटचा नाकातला सूर गेला की ‘पाउ’, म्हणजे काठी. ‘मी जीवनाची भाकर आहे’ हे वचन तिथे स्वतः म्हणू नका. खरं तर कुठलंच वचन आपण भाषांतरित करवून घेऊ नये. अध्याय आणि ओवी सांगा, तिथल्याच माणसाला त्यांच्या बायबलमधून वाचू द्या.

दुभाष्याबरोबर काम करायची सवय घरीच लावा. वीस मिनिटांचा वेळ असेल तर दहा मिनिटांचाच संदेश तयार करा. वाक्य पूर्ण करूनच थांबा. आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं, हे आपल्या लक्षातही नसतं. ‘‘देव तुम्हाला संकटात एकटं सोडून...’’ इथे तुम्ही भावनेच्या भरात थांबलात तर दुभाष्याने काय बोलायचं? एकाने अंदाजाने ‘गेला’ म्हटलं होतं. म्हणी, शाब्दिक कोट्या, यमकं, क्रिकेटचे दाखले गाळून टाका. संदेश आदल्या रात्री दुभाष्याला लिहून द्या, त्याच्यासाठी पाण्याचा पेला ठेवायला सांगा, आणि आभार मानताना त्याचं नाव घ्या. तो दुप्पट काम करतो आणि चूक कोणाचीही असली तरी लोक बघतात त्याच्याकडे.

आणखी एक: पाहुण्यांना पुढे बोलावून दोन शब्द बोलायला लावणं ही पुष्कळ मंडळ्यांची रीत आहे, आधी कोणी सांगत नाही. दोन मिनिटांची साक्ष आणि एक पाठ असलेलं गीत टीममधल्या प्रत्येकाकडे तयार असावं. लाजून मागे सरकलात तर यजमान पाळकांची पंचाईत होते.

पायरी ६: यजमानांचं घर

इंडोनेशियात अनेक घरांच्या न्हाणीघरात फरशी लावलेला पाण्याचा हौद असतो, त्याला ‘बाक मंदी’ म्हणतात. शेजारी ‘गायुंग’ नावाचा दांडीचा डबा. हौदाबाहेर उभं राहून डब्याने अंगावर पाणी घ्यायचं. दमलेला नवखा पाहुणा मात्र हौद बघून खूश होतो, साबण लावून आतच उतरतो. ते घरातल्या सगळ्यांचं पाणी असतं. यजमानांना मग हौद उपसून, घासून पुन्हा भरावा लागतो, आणि बहुतेक वेळा ते पाहुण्याला याचा पत्ताही लागू देत नाहीत. कुठल्याही घरी पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकाने सगळ्यांसाठी विचारून घ्यावं: आंघोळ कशी करायची, शौचालयाचा कागद कुठे टाकायचा, पिण्याचं पाणी कोणतं, चपला कुठे काढायच्या. लॅटिन अमेरिकेत आणि ग्रीसमध्ये पुष्कळ ठिकाणी कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकतात, नळ अरुंद असतात. न विचारता टाकलात तर रविवारी सकाळी, उपासनेच्या तोंडावर, घरमालकाला प्लंबर शोधत फिरावं लागतं. जपानमध्ये शौचालयाच्या चपला वेगळ्या असतात. त्या पायात तशाच ठेवून बैठकीच्या खोलीत आलेला पाहुणा घरच्यांना कायम लक्षात राहतो.

जेवणाबद्दल येशूने सत्तर शिष्यांना सेवेला पाठवतानाच सांगून ठेवलंय, पुढे वाढतील ते खा. पहिल्यांदा थोडं घ्या, हळू खा. ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढणारं घर असेल, तर भराभर संपवून सुटका होत नाही. ॲलर्जी असेल तर ती निघण्याआधीच कळवा, ताटावर बसून नव्हे. पाण्यात मात्र भिडस्तपणा नको: उकळलेलं किंवा सीलबंदच प्या, बर्फ टाळा. एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी पुरतं, २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावं. चमचा लहान, चहाचा. रक्त पडत असेल किंवा ताप चढला तर डॉक्टर.

पायरी ७: मान, हात, कपडे

बल्गेरियात मान डावी-उजवीकडे हलवली की होकार असू शकतो आणि वर झटकली की नकार. फिलिपीन्समध्ये भुवया उंचावणं म्हणजे ‘हो’, तिथे उत्तर मिळालं नाही असं समजून पुन्हा पुन्हा विचारू नका. थायलंडमध्ये लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देण्याआधी आई-वडिलांना विचारा, आणि बसताना पायाचे तळवे कोणाकडे करू नका. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदेशीर आहे, मुलांच्या टोप्या निघण्याआधी तपासा. टीमच्या टी-शर्टचा रंगही यजमानांना विचारून ठरवा. थायलंडमध्ये एकेकाळी पिवळे आणि लाल शर्ट दोन राजकीय बाजूंची ओळख झाले होते.

पायरी ८: तरीही घोळ झाला तर

आधी माणसं सुरक्षित आहेत का ते बघा. मग यजमानांना लगेच कळवा, लपवून स्वतःच निस्तरायला जाऊ नका, तुमच्या दुरुस्तीने काम वाढतं. माफी त्यांच्या भाषेत, एका वाक्यात मागा. हे वाक्य सगळ्यांत आधी पाठ करा. खर्च झाला असेल तर टीमच्या पैशातून, शांतपणे, पाळकांमार्फत द्या. चारचौघांत नोटा पुढे करू नका.

यजमान हसले की मनसोक्त हसा. त्यांच्या आधी नको.

आणि हाताला काम शोधा. मिलिता (आजचं माल्टा) बेटापाशी पौलाचं जहाज फुटलं, २७६ माणसं भिजून किनाऱ्याला लागली, पाऊस आणि थंडी होती, बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली. तेव्हा पौल काय करत होता? काटक्या गोळा करत होता. विमान रद्द झालं, कार्यक्रम बुडाला, बॅग हरवली, तरी त्या घरात भांडी असतात, अंगण असतं, पाणी भरायचं असतं.

परत आल्यावर

किस्सा सांगा, पण त्यातल्या यजमानांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. यजमानांना आठवड्याच्या आत पत्र लिहा, त्यात त्यांनी केलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीचा उल्लेख हवा.

मग टीमची वही काढा. आमच्याकडे एक जाड वही आहे, प्रत्येक टीम परतल्यावर तीत फजितीचं पान भरते: कुठे, काय झालं, कोणाला त्रास झाला, पुढच्यांनी काय करावं. इथिओपियाच्या पानावर त्या पेंगणाऱ्या मुलींपैकी एकीने काढलेलं घड्याळाचं चित्र चिकटवलंय. बाहेरचे आकडे आमचे, आतले त्यांचे. पुढची टीम नोव्हेंबरमध्ये जाते आहे. त्यांच्या पहिल्याच बैठकीत ते पान उघडून टेबलावर ठेवणार आहे.